गोळ्यांचा उपास

सुईत दोरा जाईना. टोक ओठांत धरून ओलं केलं, एक डोळा मिटला, श्वास रोखला. दोरा पुन्हा नेढ्याच्या शेजारून निघून गेला, ओळख नसल्यासारखा.

"नववी वेळ," वहिनी म्हणाली. ती समोर बसून लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावत होती.

वहिनी मोजतेय हे ऐकून मला बरं वाटलं. या घरात मोजायची खोड मला एकटीलाच आहे असा माझा समज होता.

"होईल गं," मी म्हणाले.

"कधी होईल? सतरा दिवस राहिलेत. बारा बाहुल्या करायच्यात अन् अजून एकीला डोकं नाही."

"डोकं नसलं तरी लग्नात चालतं. तू बघ की, तिकडचे किती जण येतात तसे."

वहिनी हसली नाही. लग्न ठरल्यापासून ती वराकडच्यांवरच्या विनोदाला हसत नव्हती. लग्न तिच्या मुलीचं होतं, माझ्या पुतणीचं, रेवतीचं. मुलगा पुण्याचा. आम्ही बार्शीचे. दादाचं कापडाचं दुकान खाली आणि घर वर, आणि घराच्या मागच्या खोलीत मी, सासरच्यांनी दीड वर्षात परत पाठवल्यापासून.

वधूकडच्यांनी हातानं केलेल्या वस्तू कार्यालयात टेबलावर मांडायच्या आणि वराकडच्या बायकांनी त्यांवरून नजर फिरवून "छान आहे हं" असं तोंड वाकडं न करता म्हणायचा प्रयत्न करायचा, याला रुखवत म्हणतात. आम्ही शिंपी. आमच्याकडे रुखवत ही इज्जतीची बाब. बैठकीच्या दिवशी वहिनीनं विहीणबाईंना सांगून टाकलं होतं, "मुलीची आत्या असं रुखवत करते, की बघतच राहाल." विहीणबाई म्हणाल्या, "मग त्या दिसल्या नाहीत कुठं?" त्यावर वहिनी म्हणाली, "थायरॉईड आहे हो तिला. दगदग सोसत नाही." मी स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं घालत हे ऐकत होते, आणि दाराच्या फटीतून बघतही होते. थायरॉईड मला नव्हता. वहिनीला होता.

मला बायपोलर होतं, अजून आहे. डॉक्टर इनामदार त्याच्या दोन टोकांना उन्माद आणि नैराश्य म्हणायचे. मला ते शब्द कीर्तनातल्यासारखे वाटतात. मी तेजी आणि मंदी म्हणते. बार्शी बाजारपेठेचं गाव आहे, इथं ते कुणालाही समजतं. तेजीत मी सगळ्या जगापेक्षा हुशार असते, मंदीत मला आंघोळीचा तांब्या उचलवत नाही. दोन्हींच्या मधे राहण्यासाठी लिथियमच्या गोळ्या. पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, हात थोडे थरथरतील, तहान लागेल, वजन वाढेल. तिन्ही गोष्टी त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे झाल्या.

त्यांनी एक वहीही दिली होती. रोज तीन गोष्टी लिहायच्या: झोप किती तास, मन किती, गोळी घेतली का. मनाला उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत आकडा द्यायचा. तीन वर्षं माझा आकडा उणे एक ते अधिक एकच्या बाहेर गेला नव्हता. इतकी कंटाळवाणी वही अख्ख्या बार्शीत दुसरी नसेल, आणि मला तिचा फार अभिमान होता. वहीच्या मागच्या पानांवर मी घरातल्या इतरांचे आकडे लिहायचे. लग्न ठरलं त्या दिवशी वहिनी अधिक चार. मांडववाला येऊन गेला तेव्हा दादा उणे तीन, आणि तासाभरानं तोच दादा पाहुण्यांसमोर अधिक तीन. असे आकडे माझे आले असते तर मला गाडीत घातलं असतं. यांना कुणी पाव गोळीसुद्धा देत नव्हतं.

गाडीत मला तीनदा घातलं होतं. दोनदा तुळजापूरला दर्शनाला जायचंय म्हणून, आणि गाडी थांबली सोलापूरला हॉस्पिटलच्या दारात. तिसऱ्या वेळी देवीचं नाव घ्यायचीही कुणी तसदी घेतली नाही, वहिनीच्या जुन्या साडीनं हात बांधले. त्यानंतर मी एकच गोष्ट ठरवली होती. चौथी खेप होऊ द्यायची नाही. दुसरं काही ठरवण्यासारखं माझ्याकडे उरलंही नव्हतं.

दहाव्या वेळीही दोरा गेला नाही. वहिनीनं हळदीचं बोट पदराला पुसलं आणि माझ्याजवळ सरकून बसली.

"हेमाताई," ती म्हणाली.

मी सावध झाले. काम असलं की मी हेमाताई आणि 'तुम्ही', काम नसलं की हेमा आणि 'तू'. वर्षाकाठी मी साधारण चार वेळा हेमाताई व्हायचे.

"काय?"

"एक सुचवू का? रागावू नका. हे हात गोळ्यांमुळंच थरथरतात ना?"

"हो."

"मग लग्नापुरत्या बंद ठेवल्या तर?"

"वहिनी, अगं..."

"कायमच्या कुठं म्हणतीय मी? सतरा दिवस. नवरात्रात नऊ दिवस पोटाला विश्रांती देतोच की आपण. तसा गोळ्यांचा उपास. शरीराला पण बरं असतं अधनंमधनं. सगळा कचरा निघून जातो."

दादा तेवढ्यात पाणी प्यायला आत आला होता. त्याचा तांब्या हवेत थांबला. "डॉक्टरांना विचारावं का?" तो म्हणाला.

"डॉक्टर कशाला हो म्हणतील? तुमच्या दुकानात येऊन कुणी विचारलं, मी यंदा कापड नाही घेतलं तर चालेल का, तर तुम्ही काय सांगाल?"

हे दादाला पटलं. धंद्याची भाषा त्याला लगेच पटते. पाणी पिऊन तो म्हणाला, "तुला काय वाटतं, हेमा?"

इथं खरं तर मी वहिनीवर सगळं ढकलून मोकळी होऊ शकते. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली, उलट विचारायला कोण येणार आहे? पण मागच्या पानांवर मी इतरांचे आकडे लिहिले, तेव्हा हाही लिहायला हवा. मला मोह झाला. माझ्या हातांना एके काळी बार्शीत नाव होतं. चोळीला गोट लावावा तर हेमानंच. आता मी उशांचे अभ्रे शिवत होते, तेही मशिनवर, तेही वाकडे. वहिनी उपास म्हणाली तेव्हा मला समजत होतं की हा शुद्ध मूर्खपणा आहे. मी म्हणाले, "सतरा दिवसांनी काय होतंय?"

त्या दिवशी वहीत लिहिलं: झोप सात, मन शून्य, गोळी – उपास.

तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी दोरा पहिल्याच फटक्यात नेढ्यातून पार. मी तो काढला आणि पुन्हा ओवला. पुन्हा काढला. पाच वेळा नुसता तोच खेळ केला आणि एकटीच हसत बसले. बाहुल्यांचे चेहरे मी कापडावर दोऱ्यानं उठवायचे. ओठांना दोन टाके, नाकाला एक. ते टाके आता असे पडायला लागले, की मलाच माझ्या बोटांचं कौतुक वाटावं. दुपारपर्यंत तीन बाहुल्यांना डोकी आली.

"बघा," वहिनी दादाला म्हणाली, "मी काय सांगत होते?"

सातव्या दिवशी झोप पाच तास. नवव्या दिवशी चार. बारा बाहुल्यांची वरात पूर्ण झाली, आणि मला वाटलं, वरातीत बाराच माणसं? हे काय रजिस्टर लग्न आहे? मग मी वाजंत्री केले. मग आचारी. मग वराकडचे काका, मावश्या, आणि पत्रिकेच्या यादीतून एकेक नाव घेऊन त्यांच्या त्यांच्या अंगकाठीच्या बाहुल्या. भटजींना पोट, फोटोवाल्याला बाक, दादाच्या बाहुलीला कानामागे पेन्सिल. दुकानातलं कापड मला वरातीसाठी साधं वाटायला लागलं तेव्हा मी वहिनीचं कपाट उघडलं आणि तिच्या लग्नातला शालू काढून कात्री चालवली.

वहिनीनं ते बघितलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मी मागच्या पानावर लिहायला पेन शोधू लागले. पण तेवढ्यात समोरच्या घरातल्या बायका रुखवत बघायला वर आल्या, आणि वहिनी त्यांना म्हणाली, "माझा स्वतःचा शालू दिला मी. म्हटलं, पोरीपेक्षा जास्त आहे का तो?" बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकीनं तर वहिनीच्या पायाला हात लावला.

मी दिवसभर बोलत होते. कात्री चालायची तसं तोंड चालायचं. दादाच्या गिऱ्हाइकांना मी वरून हाक मारून सांगायचे, कुठला रंग घेऊ नका म्हणून, आणि ते ऐकायचे. पहाटे उठून मी अंगण सारवलं, शेजाऱ्यांचंही सारवलं, त्यांनी फरशी बसवली होती तरी. घरात कुणी मला "गप्प बस" म्हणालं नाही. उलट दादा जेवताना म्हणाला, "आता कशी माणसात आलीस." तीन वर्षं मी नीट जेवत होते, नीट झोपत होते, वेळच्या वेळी रक्त तपासून घेत होते, तेव्हा या घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, आजाऱ्याशी बोलतात तसं. आता दोन तास झोपून मी जिन्यात उभी राहून भाषण करत होते, तर मी बरी झाले होते.

रेवती पुण्यात नोकरी करायची, ती लग्नाच्या चार दिवस आधी आली. बॅग खाली ठेवायच्या आत मी तिला बाहुल्यांच्या खोलीत ओढत नेलं.

"आत्या, किती आहेत या?"

"एकसष्ट. चौऱ्याऐंशी करणार आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनी असतात ना, म्हटलं, लक्ष जमणार नाहीत, नुसत्या चौऱ्याऐंशी करू. ही तुझी सासू, ओळखलीस? मान बघ, मान. बैठकीत आपला पंखा बघत होती ना वर, तशी. आणि हा—"

"तू खूप बोलतीयस."

"लग्नघर आहे बाई! इथं मुकं कोण आहे?"

रेवतीनं बॅग खाली ठेवली. ती आठ वर्षांची असताना मी पहिल्यांदा तेजीत गेले होते आणि तिला शाळेतून मधेच उचलून विहिरीवर पोहायला नेलं होतं. दोघींनाही पोहता येत नव्हतं. "गोळ्या घेतीयस ना?" तिनं विचारलं.

"तिला बोलू दे गं," दारातून वहिनी म्हणाली. "तीन वर्षं गप्प होती बिचारी. तू ब्लाऊज घालून बघ आधी."

ब्लाऊज घट्ट होत होता. त्यावरून घरात एक तास गेला आणि गोळ्यांचं राहिलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी कार्यालयात तीन टेबलं जोडून मी वरात मांडली. चौऱ्याऐंशी बाहुल्या. घोड्यावर नवरा, मेण्यात नवरी, मागेपुढे दोन्हीकडची सगळी माणसं. आदल्या दिवशीची वहीतली नोंद होती: झोप दीड, मन – आणि मनापुढं मी फुलीच काढली होती, कारण पाचापर्यंतचे आकडे मला पुरत नव्हते. मी जांभळी पैठणी नेसले होते, नाकात नथ, केसांत इतका गजरा की मान हलवली की फुलं सांडायची. टेबलापाशी बायकांची ही गर्दी. प्रत्येकीला आपापली बाहुली सापडत होती, आणि आपली सोडून बाकी सगळ्या हुबेहूब आहेत असं प्रत्येकीचं मत होतं.

विहीणबाई आल्या. मान वर करून बघणारी बाहुली त्यांनी उचलली, निरखली आणि म्हणाल्या, "या कोण? चेहरा ओळखीचा वाटतो."

"आमच्या लांबच्या मावशी," वहिनी म्हणाली.

"हुशार दिसतात," विहीणबाई म्हणाल्या आणि बाहुली जपून खाली ठेवली. मग माझे दोन्ही हात हातांत घेतले. "ताई, तुम्ही बार्शीत कशाला पडलात? माझ्या जावेच्या मुलीचं जूनमध्ये आहे. येता का पुण्याला?"

"येते की!" मी म्हणाले. "आजच येते. वरातीबरोबरच येते."

मग झुंबडच उडाली. वहिनीची धाकटी बहीण सुलभा म्हणाली, तिच्या पिंकीचं मेच्या सतराला आहे, पहिला मान तिचा. कुणी डोहाळजेवणाचं विचारलं, कुणी मुंजीचं. मी सगळ्यांना हो म्हणत होते. माझ्या मनात तर पुण्यात दुकान टाकून झालं होतं आणि दुकानाबाहेर रांगही लागली होती. वहिनी माझ्या शेजारी उभी राहून तारखा देत होती. "जून पहिला आठवडा पुणे. मग आषाढात काही नाही. सुलभे, तुझं मेमध्ये बसवू, पण कापड आधी पाठव."

सुलभानं तिला कोपरानं ढोसलं आणि आवाज खाली आणला. सुलभाचा खालचा आवाजही पलीकडच्या टेबलापर्यंत जातो. "अगं, पण तिच्या त्या गोळ्यांचं काय?"

"उपास वाढवायचा की," वहिनी म्हणाली. "तुळशीच्या लग्नापर्यंत. तिचं तिलाच बरं वाटतंय. बघतीयस ना?"

मी ऐकलं. त्या क्षणी मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही, हे लिहून ठेवते. मला वाटलं, किती दूरचा विचार करते वहिनी.

तेवढ्यात आतून निरोप आला, नवरी आत्याला बोलावतीय.

रेवती खोलीत पाटावर बसली होती. मुंडावळ्या बांधून झाल्या होत्या. तिनं मैत्रिणींना बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"बस."

"बसायला वेळ कुठंय? तुला माहितीये का, मी पुण्याला येतीय, तुझ्या सासूनं मला—"

"आत्या. काल किती झोपलीस?"

पंधरा-सोळा दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. किती बाहुल्या झाल्या हे रोज विचारत होते.

"दीड तास. पण ताजी आहे बघ मी. टवटवीत!"

"मी मघाशी रुखवत बघून आले," रेवती म्हणाली. "सगळ्या बायका म्हणत होत्या, काय हात आहे, काय हात आहे. मला ते बघवेना."

"का गं? तुझी बाहुली आवडली नाही? नाक थोडं—"

"एकीलाही पापण्या नाहीत."

"काय?"

"चौऱ्याऐंशी माणसं केलीस. टिकल्या आहेत, मिश्या आहेत, त्या आचाऱ्याच्या गालावर तीळ आहे. पापण्या कुणालाच नाहीत. सगळे डोळे फाडून बघतायत. तुझं अख्खं वऱ्हाड जागं आहे गं."

मी हसायला गेले. हसू आलंही, पण ते मधेच बंद पडलं. मी दार उघडून टेबलापाशी गेले आणि बघितलं. पहिल्या बारा बाहुल्यांचे डोळे मी पाच-सहा दिवसांनी पुन्हा उठवले होते, मोठे करून, तेही मला तेव्हाच आठवलं. भटजी, फोटोवाला, मेण्यातली नवरी, सगळे एकटक माझ्याकडे बघत होते. गर्दीतल्या एकाही बाईच्या ते लक्षात आलं नव्हतं. आल्या त्या आपापली साडी शोधून गेल्या होत्या.

तेजीत एक खिडकी असते. फार बारीक, दहा-पंधरा मिनिटांची, कधी तासाची. तेवढ्यात माणसाला बाहेरून स्वतःकडे बघता येतं. मग ती बंद होते, आणि ती होती हेही पटत नाही. आधीच्या तिन्ही वेळी मी त्या खिडकीत काय केलं ते मला आठवत होतं. पहिल्या वेळी चहा केला होता.

मी परत खोलीत गेले.

"अक्षता टाकून निघते," मी रेवतीला म्हणाले.

"मी बाबांना सांगू?"

"तू बोहल्यावर चढ. रडलीस तर काजळ जाईल. त्या मेकअपवाल्या बाईनं अर्धा तास लावलाय त्याला."

ती रडली नाही. तिनं माझा हात घट्ट दाबला आणि सोडला, आणि मैत्रिणींसाठी दार उघडलं.

मंगलाष्टकं संपेपर्यंत मी खांबाला धरून उभी राहिले. तोंड उघडलं असतं तर मीही गायला लागले असते, आणि गाते मी चांगली, अशी माझी तेव्हा खात्री होती. अक्षता टाकल्या. लोक पानांवर बसायला धावले. मी चपला शोधून फाटकापाशी पोचते तोवर वहिनीनं गाठलं.

"हेमाताई! अहो, कुठं? विहीणबाई पंगतीत तुमच्यासाठी जागा धरून बसल्यात."

"सोलापूरला चाललीय. हॉस्पिटलात."

वहिनीनं आधी मागं वळून कुणी ऐकलं का ते बघितलं. मग हसली. "आज? अहो, जिलेबी गरम आहे. बघू की उद्या-परवा, सगळं निवांत झालं की."

"वहिनी, मला तेजी आलीय. बारा दिवस झाले. तुला दिसत नाही का?"

"मला दिसतंय ते चांगलंच दिसतंय. सगळं गाव नाव काढतंय. तू अशी निघून गेलीस तर लोकांना काय सांगू मी? हेमा, ऐक जरा."

हेमाताईंचा सोहळा तिथं संपला.

दादा वाढपाची बादली घेऊनच आला. त्याच्या कपाळावर घाम, नव्या फेट्याचा रंग घामाबरोबर भुवईपर्यंत उतरलेला. वहिनीनं त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, "असं कर, आजचा दिवस काढ. उद्या सकाळी गाडी करून मी स्वतः नेतो तुला. माझा शब्द."

"उद्या मी यायची नाही, दादा."

"का नाही यायची? आत्ता तर म्हणतीयस."

"आत्ता म्हणतीय. संध्याकाळी मला वाटेल, मला काही झालेलंच नाही, अन् तुम्ही सगळे होच म्हणाल. उद्या मी तुमच्या हाती लागणार नाही. माझ्याही नाही."

दादानं बादली या हातातून त्या हातात घेतली. त्याला समजलं असावं असं मला वाटलं. कारण त्याचा आकडा मला चेहऱ्यावरून कळतो, आणि त्या वेळी तो उणे चार तरी होता. मग पंगतीतून कुणीतरी "मठ्ठा!" असं ओरडलं. दादानं बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "आलो दोन मिनिटांत." आणि गेला.

दोन मिनिटं मी खरोखर थांबले. मग आणखी दोन. वहिनीनं माझा दंड धरला होता. तिच्या हातात चांगली ताकद आहे, कापडाची ठाणं उचलून झालेली.

"सोड, वहिनी."

"तमाशा करू नकोस."

"तमाशा मला करता येतो. किती मोठा येतो, तू बघितलाय. तुझ्या विहीणबाई पहिल्या पंगतीत समोरच बसल्यात. करू?"

तिनं दंड सोडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आजाराचा मला उपयोग झाला.

बार्शीच्या स्टँडवर सोलापूरची गाडी लागलेलीच होती. चौथ्या खेपेनंतर पाचवी आजवर झालेली नाही, हे इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी उगाच पदर डोळ्यांना लावू नये. शिवाय त्या प्रवासात करुण असं काहीही नव्हतं. वैरागपर्यंत मी कंडक्टरला एसटीचा सगळा कारभार कसा सुधारायचा ते समजावून सांगितलं. तो "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत होता. नथ आणि पैठणी बघून त्याला मी कुणीतरी मोठी बाई वाटले असावे. शेजारच्या म्हातारीला मी पुण्यातल्या दुकानात भागीदारी देऊ केली. ती म्हणाली, लेकाला विचारून सांगते. मधे एका थांब्यावर मला वाटलं, हे काय चाललंय आपलं, उतरावं, परतीची गाडी धरावी, जिलेबी असेल अजून. उठून उभीही राहिले. खिडकी बंद व्हायला लागली होती. मी म्हातारीला म्हणाले, "आजी, मी सोलापूरच्या आधी उतरायला लागले तर मला धरून ठेवा." तिनं का म्हणून विचारलं नाही. माझ्या पैठणीचा पदर घेतला आणि स्वतःच्या पिशवीच्या बंदाला त्याची गाठ मारली, आणि डोळे मिटून बसली.

स्टँडवर तिनंच गाठ सोडली. रिक्षानं हॉस्पिटलच्या दारात उतरले तेव्हा पावणेचार झाले होते. काउंटरवर एक माणूस केसपेपर भरत होता. त्यानं मान वर केली, गजरा बघितला, नथ बघितली, केसांतल्या अक्षता बघितल्या, आणि माझ्या मागं दाराकडे बघितलं.

"पेशंट गाडीत आहे का?"

"पेशंट मीच."

त्यानं केसपेपरवर पेन टेकवलं. "सोबत कोण?"

"कुणी नाही."

"घरचं कुणीच नाही?"

"घरचे लग्नात आहेत. माझ्या पुतणीचं लग्न आहे आज, बार्शीला. आता शेवटची पंगत बसली असेल."

त्यानं घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, अशा चेहऱ्यानं, की हा माणूस कुठल्याही लग्नात माझ्या शेजारी बसून दोनदा बासुंदी घेईल.

"अहो, मग जेवून तरी यायचं," तो म्हणाला. "एवढी काय घाई होती?"

"जेवायला थांबले असते," मी म्हणाले, "तर आले नसते."